दाबून सुकवलेल्या फुलांची फ्रेम: तोडणीपासून भिंतीपर्यंत

फुलांची फ्रेम वर्षभरानंतरही चांगली दिसेल की तपकिरी पडेल, हे फुलातली ओल तुम्ही किती लवकर काढता त्यावर ठरतं. फूल सावकाश सुकलं की आतल्या रसाचा हवेशी संयोग होऊन पाकळी काळवंडते, आणि ओल फारच रेंगाळली तर बुरशी धरते. म्हणून आपल्याकडे या कामाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, नुसत्या पुस्तकात फुलं ठेवून भागत नाही.

कोणती फुलं घ्यावीत

पातळ, एकेरी, कमी रसाची. कॉसमॉस, व्हर्बिना, एकेरी गोकर्ण आणि बोगनवेल यांनी सुरुवात करा. बोगनवेलीचा जो भाग आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानंच असतात, मुळातच कागदासारखी, त्यामुळे चटकन सुकतात. घाणेरीच्या गुच्छातली इवलीइवली फुलं सुटी करून दाबली की मोकळ्या जागा भरायला फार उपयोगी पडतात, आणि ती कितीही तोडली तरी कुणाचं नुकसान नाही. हिरवाईसाठी हंसराज, गाजराचा पाला, फुलावर आलेली कोथिंबीर.

जास्वंद टाळा. तिच्यातला चिकट द्रव कागदाला असा धरतो की पाकळी फाटल्याशिवाय निघत नाही. चाफा मांसल आणि चिकाचा. मोगरा पांढरा राहतच नाही, तपकिरी होतो. प्राजक्ताच्याही पाकळ्या पिवळट पडतात, देठाचा केशरी रंग मात्र छान टिकतो. झेंडू, शेवंती आणि गुलाब अख्खे दाबू नका. पाकळ्या सुट्या करून सुकवा आणि चिकटवताना पुन्हा फूल रचा. लाल गुलाब सुकल्यावर काळपट मरून होतो हे धरूनच रंगसंगती ठरवा. पिवळे आणि केशरी रंग सगळ्यांत भरवशाचे.

फुलं घरच्या कुंडीतली किंवा बागेतली घ्या. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली फुलं तोडायला मनाई आहे. इतर सड्यांवरची रानफुलंही जागेवरच राहू द्यावीत.

तोडणी सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, साधारण ९ ते ११ च्या दरम्यान. नुकतंच उमललेलं फूल घ्या. जुनं फूल दाबताना पाकळ्या गाळतं. तोडल्यापासून अर्ध्या तासात ते दाबाखाली गेलं पाहिजे.

दाबणं

९ मिमी प्लायचे २० × २५ सेंमीचे दोन तुकडे, चार कोपऱ्यांना भोकं, त्यांत लांब बोल्ट आणि विंग नट (हाताने आवळता येणारे पंखांचे नट): एवढ्यात चांगला प्रेस होतो. थर असे लावा: पुठ्ठा, रद्दी पेपरची ८-१० पानं, साधा टिश्यू, फुलं, पुन्हा टिश्यू, रद्दी, पुठ्ठा. पुठ्ठा खोक्याचा, नळ्या असलेला हवा, म्हणजे वाफ बाजूने बाहेर पडते. टिश्यूवर नक्षी नको. किचन नॅपकिनवरचे उठावदार ठिपके जसेच्या तसे पाकळीवर उमटतात आणि नंतर काही केल्या जात नाहीत. बटर पेपरही इथे नको, तो ओल शोषत नाही.

एका थरात सारख्याच जाडीची फुलं ठेवा. मधला गोंडा जाड असेल तर पातळ पाकळ्यांवर दाब पोचत नाही आणि त्या सुरकुततात. अशा वेळी मागचा हिरवा भाग ब्लेडने तासून घ्या.

पहिल्या २४ तासांनी रद्दी बदला. टिश्यू उघडू नका, ओली पाकळी त्याला चिकटलेली असते. टिश्यूसकट फुलं उचलून कोरड्या रद्दीत ठेवा आणि नट पुन्हा आवळा, कारण फुलं आक्रसलेली असतात. पुढचा आठवडाभर एक दिवसाआड हेच. दोन ते तीन आठवड्यांत फूल तयार होतं. ते गालाला लावून पाहा: गार लागलं तर आत अजून ओल आहे.

घाई असेल तर दोन सिरॅमिक टाइल्समध्ये पुठ्ठा, टिश्यू आणि फुलं रबर बँडने बांधून मायक्रोवेव्हमध्ये कमी पॉवरवर ३० सेकंद ठेवा, उघडून वाफ जाऊ द्या, मग १०-१५ सेकंदांचे छोटे फेरे. सलग चालवलं की फूल भाजतं. त्यानंतर दोन दिवस जाड पुस्तकात ठेवावंच लागतं.

तयार फुलं सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. चिकटवण्याआधी डबा तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर कसर आणि बारीक किडे मरतात. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतली वाफ थेट फुलांवर जमते.

रचना आणि फ्रेम

ए४ आकाराला ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाडसर), आम्लरहित, साधा पांढरा किंवा मळकट पांढरा कागद पुरे. तीन मोठे कॉसमॉस, पाच-सहा हंसराजाच्या फांद्या, दहाएक घाणेरीची फुलं आणि चारही बाजूंना ४ सेंमी मोकळी जागा. गर्दी केली की एकही फूल दिसत नाही. आधी चिमट्याने सगळं नुसतं मांडा, मोबाइलवर फोटो काढा, मग फोटो पाहून मागच्या पानांपासून चिकटवत या.

फेविकॉल पाणी न घालता, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच, मधल्या जाड भागाला आणि पाकळीच्या बुंध्याला लावा. पाकळीभर फासला तर ती ओली होऊन चुरगळते. वर टिश्यू आणि जड पुस्तक ठेवून रात्रभर वाळू द्या.

काच फुलांना थेट टेकवली तर पाकळ्या सपाट राहतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हे चालतं. किनाऱ्यावर मात्र २ मिमीचा माउंट, म्हणजे काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालाच. पावसाळ्यात काचेला आतून दमटपणा धरतो आणि टेकलेली पाकळी तिला चिकटून बसते. फ्रेम बंद करायला कोरडा दिवस निवडा. कागद, माउंट आणि मागचा हार्डबोर्ड आधी दोन तास उन्हात तापवून गार करा. फुलं कोरडी आणि बोर्ड दमट, ही चूक सर्रास होते आणि बुरशी तिथूनच येते. काच पुसल्यावर पूर्ण वाळू द्या. मागची फट सलग टेपने बंद करा, नाहीतर कसर तिथूनच शिरते.

फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. बाहेरच्या बाजूची, पावसात ओल धरणारी भिंत टाळा. खिडकीसमोरची, थेट ऊन येणारीही टाळा. काचेच्या आत पांढुरकी बुरशी दिसली तर टेप कापून फ्रेम लगेच उघडा, बाधित फूल काढून टाका, बाकीचं चित्र सिलिका जेलबरोबर आठवडाभर डब्यात ठेवा आणि मगच पुन्हा बंद करा.