नाताळच्या आठवड्यात घर भरलेलं असताना डोकं थंड कसं ठेवायचं

मालवणजवळ देवबाग-तारकर्लीकडे ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी दोनचार खोल्या आहेत त्यांना २४ डिसेंबर ते १ जानेवारी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गोव्याचे रेट ऐकून अर्धी मुंबई-पुणे इकडे वळते, आपणही "येवा कोकण आपलोच आसा" म्हणून मोकळे होतो, आणि मग चौथ्या दिवसापर्यंत नवरा-बायकोचं बोलणं "तीन नंबरला टॉवेल दिलास?" एवढ्यावर येतं. ऐन गर्दीत शांत राहणं कोणालाच जमत नाही, मला तर नाहीच, त्यामुळे जे काय करायचं ते आधीच करून ठेवायचं.

सुरुवात बुकिंगपासून. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीचं २५ ऑक्टोबरला. ज्यांच्या हातात कुडाळचं कन्फर्म तिकीट आहे ते येणारच, त्यांच्याकडून तेव्हाच ॲडव्हान्स घ्या आणि वहीत लिहा, व्हॉट्सॲपवर शोधत बसू नका. "बघून सांगतो"वाल्यांना एक तारीख द्या आणि ती उलटली की खोली दुसऱ्याला. भरलं की मात्र भरलं. "हॉलमध्ये गाद्या टाका ना, आम्ही ॲडजस्ट करू" म्हणणारे दरवर्षी येतात, प्रत्यक्षात ॲडजस्ट आपण करतो, आपली टाकी करते आणि आपला संडास करतो. आणि काहीही झालं तरी स्वतःची झोपायची खोली द्यायची नाही.

खरी कसोटी स्वयंपाकघरात. वड्याचं पीठ डिसेंबरच्या मध्यालाच दळून आणा, शेवटच्या आठवड्यात गिरणीत रांग लागते. कोंबडीचं वाटप आधी करून ठेवता येतं: कांदा नि खोबरं मंद गॅसवर अगदी चॉकलेटी होईपर्यंत भाजायचं, घाई केली की वरून काळं आणि आत कच्चं राहतं, मग खडा मसाला भाजून घालायचा आणि शक्य तेवढं कमी पाणी घालून वाटायचं. एका वेळच्या जेवणाला लागेल तेवढंच एकेका डब्यात भरून फ्रीझरला टाका, म्हणजे रात्री ९ ला अचानक "दोन माणसं वाढली" तरी घाम फुटत नाही. माशाच्या आमटीचं कच्चं वाटप मात्र रोजचं रोजच, तिरफळं घातलेला बांगडा शिळ्या वाटपाचा चांगला लागतच नाही. सोलकढीचं आगळ (कोकमाचा घट्ट रस) बाटलीत तयार असू दे, नारळाचा रस त्याच दिवशी काढा.

माशाच्या बाबतीत पाहुण्यांना आधीच सांगून टाका की बंदरावर जे येईल ते ताटात येईल. या दिवसांत सुरमई-पापलेटचे भाव विचारूच नका, आणि सुरमई कबूल करून बसलात की सकाळभर लिलावाजवळ उभं राहून रक्त आटवायचं. बांगडा, तारली, मोरीचं (म्हणजे छोट्या शार्कचं) मटण, तिसऱ्या यात वाईट काय आहे? मार्गशीर्षातले गुरुवार कधीकधी नेमके याच आठवड्यात येतात. घरात घट मांडलेला असेल तर त्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी नि आंबोळी असं बुकिंगच्या वेळीच कळवायचं. कोणी रागावत नाही हो, ऐनवेळी सांगितलं तर रागावतात.

लाइटचं म्हणाल तर सगळ्या खोल्यांचे एसी एकदम लागले की व्होल्टेज पडतं, म्हणून पाण्याची मोटर पहाटेच चालवून घ्या. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, ठराविक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, हे दाराजवळ लिहूनच लावा म्हणजे प्रत्येकाशी तोंड वाजवायला नको.

आता आनंदाचं, कारण नुसतं राबायचं असेल तर सीझन कशाला हवा. जत्रांचे दिवस असतात, गावात दशावतार असेल तर पाहुण्यांनाच घेऊन जा, त्यांना संकासुर बघायला मिळतो आणि आपलंही नाटक चुकत नाही. दुसऱ्या दिवशी नाश्ता १० वाजता, हे रात्रीच जाहीर करायचं. आणि २५ तारखेला शेजारच्या ख्रिश्चन घरी तासभर जाऊन या, त्यांनी येशूजन्माचा मांडलेला गोठा बघा, नेवऱ्या-दोदोल खा, स्वतः न केलेलं काहीतरी खायला मिळतं हेच त्या आठवड्यात केवढं मोठं आहे. फोन घरी ठेवून जा, म्हातारी सासू "येतत हां" एवढं सांगायला समर्थ असते.

राहिला हिशेब. रोज रात्री झोपताना करू नका, तेव्हा डोकं चालत नाही, सकाळच्या चहाबरोबर करा. गर्दीत नेटवर्क लटकतं नि पेमेंट अडकतं, तेव्हा सुट्टे पैसे जवळ असू देत. आणि २ जानेवारीचं बुकिंग कितीही पैसे देतो म्हणाले तरी घेऊ नका, चादरी धुवायच्या असतात, सिलेंडर मागवायचे असतात आणि दुपारी कुलूप लावून झोपायचं असतं.