अलॉय व्हीलवरचे ओरखडे घरीच काढताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात महाद्वार रोडला गर्दीत गाडी कडेला घेताना खर्रर्र आवाज आला, उतरून बघितलं तर अलॉयच्या कडेला वीतभर पांढरा ओरखडा. असं झालं की आपण लगेच स्प्रे कॅन शोधायला लागतो, आणि तिथंच चुकतंय. मी मागच्या दिवाळीनंतर एक चाक घरी केलं, पहिल्यांदा सगळा रंग सोलून निघाला, दुसऱ्यांदा नीट आलं.

आधी व्हील कोणतं आहे ते बघा. चकाकणाऱ्या तोंडावर ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारख्या बारीक गोल रेषा दिसत असतील तर ते डायमंड कट आहे, त्या रेषा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर काढलेल्या असतात, हातानं घासून त्या परत येत नाहीत, उलट डाग मोठा दिसतोय. घरी करायचं ते साधं रंगवलेलं सिल्व्हर किंवा काळं व्हील.

आणि भावांनो, एक गोष्ट कळकळीनं सांगतो, तडा गेलेलं किंवा वाकलेलं व्हील लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून झाकू नका. स्टेअरिंग थरथरतंय, दर आठवड्याला हवा कमी होतीय, स्पोकच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसतीय, तर तो ओरखडा नव्हे. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगावला एवढ्या फाउंड्र्या आहेत, कास्टिंगमधल्या कुणालाही विचारा, बहुतेक ओतीव अलॉय व्हील म्हणजे ॲल्युमिनियममध्ये साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम, ओतल्यावर हीट ट्रीटमेंट देऊन मजबूत केलेलं, आणि ब्लो लॅम्पनं तापवून हातोडीनं सरळ करायला गेलं की तीच मजबुती जातीय. असं चाक घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचा नाही, बदलायचंच.

आता माझा रंग का सोलला? टायर पॉलिश. त्यातलं सिलिकोन तेल रिमवर उडालेलं असतंय, मी आधी घासलं आणि मग पुसलं, त्यामुळं ते पॉलिश सँडपेपरच्या रेघांत जाऊन बसलं. आधी साबणानं धुवा, ब्रेकची काळी धूळ काढा, मग तेलकटपणा काढणारं डिग्रीझर, मग स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, आणि त्यानंतरच पेपर हातात घ्या. रंग मारल्यावर बारीक गोल खड्डे उमटले तर कारण हेच, वर आणखी रंग मारून ते भरत नाहीत, वाळू द्या, घासा, पुसा, परत मारा.

घासताना लोक फक्त ओरखडाच घासतात. मग रंगाखाली जुन्या कोटची कडा नकाशासारखी उठून दिसतीय. 120 नंबरच्या पेपरनं खरवड सपाट करा, मग 240, मग 400 चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, आणि दरवेळी चांगल्या भागाकडं थोडं पुढं जायचं. डोळे मिटून बोट फिरवा, कुठं पायरी लागली तर काम बाकी आहे. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

खोल घाव असेल तर हार्डनरवाली लांबी, हार्डनर साधारण 2 टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर पुढं डाग येतो किंवा तडकते. एनसी पुट्टी (हार्डनर न घालता वापरायची तयार पुट्टी) फक्त बारीक छिद्रांना, ती सुकताना आकसते. टायर जिथं रिमवर बसतो तिथं आणि नटांच्या खोबणीत लांबी नको, रंगही नको. उघड्या ॲल्युमिनियमवर थेट रंग धरत नाही, एपॉक्सी प्रायमर मारा, तो लांबीवरही चालतो. ॲसिडवाल्या एच (etch) प्रायमरवर मात्र लांबी लावू नका, सुटते.

मास्किंगला टायर आणि रिमच्या फटीत पत्त्यांचा जुना कॅट खोचत जा, टेपपेक्षा झटपट होतंय.

हवामान तर बघायलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हे काम काढूच नका, हवेतल्या ओलीनं लॅकर दुधाळ पडतंय. थंडीत पण दव वाळल्यावर दहा-अकरानंतर, आणि सावलीत. उन्हात तापलेल्या व्हीलवर मारलं तर वरचा थर आधी सुकतो आणि आतलं थिनर बुडबुडे काढून बाहेर येतंय. कॅन दोन मिनिटं हलवा, 20-25 सेंमीवरून पातळ कोट, मध्ये दहा मिनिटं. पहिल्या कोटात खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे, झाकायची घाई केली की ओघळ आलाच. शेवटचा पारदर्शक कोट म्हणजे क्लिअर. हार्डनरवाल्या टूके (2K) क्लिअरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला अडवत नाही, घरी बिनहार्डनरचं वनके (1K) क्लिअरच वापरा.

चाक काढताना नुसत्या जॅकवर गाडी ठेवू नका, खाली स्टँड, दुसऱ्या चाकाला दगड, हँडब्रेक ओढलेला. रंग किमान एक दिवस वाळू दे. परत बसवताना नट समोरासमोरचे आवळा, टॉर्क (किती जोरानं आवळायचं ते) गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो तेवढाच, आणि 50-100 किमी झाल्यावर सगळे नट परत एकदा तपासा.