माणसाची प्रतिकारशक्ती असलेले उंदीर: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी करून ह्युमनाइज्ड, म्हणजे माणसाच्या प्रतिकारपेशी वाढवलेल्या उंदरांवर पीएचडी करायला निघालेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी कॅलेंडर काढायला सांगते. आज माणसाच्या मूळपेशी टोचलेल्या पिल्लात कामाजोग्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसायला साधारण तीन महिने लागतात. बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, आधी येतात, त्यांच्यावर भुलून घाई करू नका.

बहुतेक काम एनएसजी नावाच्या, स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदरावर चालतं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत लेनर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने तो तयार केला. त्यावरचा शोधनिबंध २००५चा. त्यात तीन उणिवा मुद्दाम एकत्र आणल्या आहेत. एससीआयडी या उत्परिवर्तनामुळे (जनुकातल्या बदलामुळे) टी आणि बी पेशी बनत नाहीत. आयएल-२ या संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरची गॅमा साखळी नसल्यामुळे एनके (परक्या पेशी मारणाऱ्या) पेशीही नाहीत. शिवाय एनओडी या उंदीर-वंशाच्या मॅक्रोफेज (परक्या पेशी गिळणाऱ्या पेशी) मानवी पेशींना बऱ्यापैकी खपवून घेतात. अशा उंदराला किरणांचा हलका डोस देऊन अस्थिमज्जेत जागा करायची आणि बाळाच्या नाळेतल्या रक्तातून वेगळ्या केलेल्या सीडी३४ ही खूण असलेल्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी टोचायच्या. एससीआयडीमुळे डीएनएची दुरुस्तीच नीट होत नाही, म्हणून दुसऱ्या वंशासाठी लिहिलेला डोस इथे जिवावर बेततो.

बारा आठवड्यांनी रक्ताचे थेंब घेऊन फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर) मानवी सीडी४५ पेशींचं, म्हणजे माणसाच्या पांढऱ्या पेशींचं, प्रमाण बघतात. २५ टक्क्यांच्या वर गेलेला उंदीर बहुतेक ठिकाणी प्रयोगात घेतात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. एकाच नाळेच्या पेशी दिलेले दहा उंदीर म्हणजे दहा माणसं नव्हेत. रोगप्रतिकाराच्या हिशेबात ते एकच माणूस. एका नाळेच्या पेशी छान रुजतात, दुसरीच्या रुजतच नाहीत, आणि एकाच औषधाला दोघींचा प्रतिसाद वेगळा येतो. म्हणून प्रत्येक दात्याचे (ज्या बाळाच्या नाळेतून पेशी आल्या त्याचे) उंदीर औषधाच्या आणि नियंत्रण अशा दोन्ही गटांत वाटायचे. एका गटात एक दाता आणि दुसऱ्यात दुसरा, असं झालं तर दिसलेला फरक औषधाचा की दात्याचा, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगते, कारण महिनोन्महिन्यांचं काम आणि उंदरांचे जीव दोन्ही यात वाया जातात.

मर्यादाही ओळखून असा. इथल्या मानवी टी-पेशी उंदराच्या थायमसमध्ये (टी-पेशी तयार होणाऱ्या छातीतल्या ग्रंथीत) घडतात, लसिकाग्रंथी अपुऱ्या वाढतात, अँटिबॉडी मुख्यतः आयजीएम या सुरुवातीच्या प्रकारच्याच मिळतात. लसीचा अभ्यास करायचा असेल तर साधा एनएसजी तोकडा पडेल.

तरीही या कामाची मला मनापासून किंमत वाटते. एचआयव्ही साध्या उंदराच्या पेशीत शिरत नाही, या उंदरात मात्र त्याचा संसर्ग होतो. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे औषध घेतलेले सहा स्वयंसेवक गंभीर आजारी पडले. माकडांवर तेच औषध निर्धोक ठरलं होतं. पुढे मानवी पेशी असलेल्या उंदरांत त्याचे घातक परिणाम दिसले.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस घ्या, कारण हाताळायचं आहे ते माणसाचं रक्त. भारतात काम करणार असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीला लागणारा वेळही कॅलेंडरात धरा. आणि मुलाखतीत एवढं जरूर विचारा: तुमच्याकडे एका प्रयोगात किती दाते असतात?