लायसन मिळालं, आता पहिले हजार किलोमीटर कसे काढायचे

माझ्या भाच्याला मागच्या महिन्यात परमनंट लायसन मिळालं, घरी पेढेबिढे झाले आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांचा प्रश्न, मामा तुमची गाडी घेऊन मित्रांबरोबर महाबळेश्वरला जाऊ का. म्हटलं आधी मला स्वारगेटवरून कात्रजपर्यंत नेऊन दाखव, तेही संध्याकाळी सात वाजता. नेलं. तीन वेळा गाडी बंद पडली, एक रिक्षा घासता घासता राहिली आणि घरी येईपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. तेव्हा त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यातलं फारसं कोणी सांगत नाही, तिथे सगळा जीव टेस्ट पास होण्यावर असतो.

लायसनचं आधी उरकून टाकतो. लर्निंग सहा महिने चालतं, ते मिळाल्यावर 30 दिवस झाले की परमनंटची टेस्ट देता येते. पण 31 व्या दिवशी धावत जायची काही गरज नाही, पाच महिने हातात आहेत तर ते वापरा. कार शिकताना शेजारी परमनंट लायसनवाला माणूस बसलेला पाहिजे आणि पुढे मागे पांढऱ्यावर लाल एल बोर्ड. लोक लाजतात बोर्ड लावायला, पण खरं सांगतो बोर्ड असला की मागचे जरा तरी लांब राहतात, परमनंट मिळाल्यावरही महिनाभर काचेला राहू दे, कोणी हसलं तर हसलं. कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये असली तरी कायद्याने चालतात. आणि दहावीतल्या पोराला कौतुकाने कारची चावी देणाऱ्या काकांसाठी एक, पकडला गेला तर गुन्हा पालकांवर लागतो, 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

आता गाडीत बसा. सीट अशी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, पाय ताणायला लागला तर सीट पुढे घ्या. साईडच्या आरशात आपल्या गाडीची अगदी बारीक कड दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. नवीन लोक आरसा असा लावतात की अर्ध्या आरशात स्वतःचं मागचं दार, त्याचा काय उपयोग, दार कुठे पळून जाणारे. आणि आरसा कितीही नीट लावला तरी खांद्याच्या मागे एक पट्टा दिसत नाही, बाईकवाला नेमका तिथेच असतो, म्हणून लेन बदलताना मान वळवून बघायचं, क्षणभरच.

चढावर गाडी मागे जाते ही प्रत्येक नवीन माणसाची भीती. माझं स्वतःचं सांगतो, 2011 साली सिग्नलच्या चढावर ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी निवांत मागच्या रिक्षावर. रिक्षावाले काका उतरले, आपली पुढची काच बघितली, मग माझ्या खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, घरी जायचंय का मागे?" तीनशे रुपयांत मिटलं पण ते वाक्य अजून आठवतं. उपाय साधा आहे, हँडब्रेक. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडत आणा, एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं, पाय तिथेच धरा, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक खाली. गाडी एक इंचसुद्धा मागे जात नाही. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर रविवारी सकाळी वीस वेळा करा, वॉचमन बघत बसेल, बघू दे.

रस्त्यावर मात्र खरी अडचण गाडी चालवायची नसतेच, दुसऱ्याला आपण काय करणार ते कळवायची असते. माझं तर मत असं की अर्धे नियम याच्यासाठीच आहेत. इंडिकेटर वळताना द्यायचा नसतो, वळायच्या आधी द्यायचा असतो, मागच्याला ब्रेक मारायला वेळ मिळावा म्हणून. चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत, हे कोणी शिकवलं देव जाणे. समोरून येणाऱ्या माणसाला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसत असेल तर त्याला वाटणार तुम्ही वळताय. सरळ जायचं तर काहीच लावायचं नाही. चार इंडिकेटर हे बंद पडलेल्या किंवा रस्त्यात अडकलेल्या गाडीसाठी. पावसात चालत्या गाडीचे चारही चालू ठेवणारे तर अजून वाईट, कारण मग लेन बदलताना त्यांचा इंडिकेटर कळणार कसा?

हायवेला ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ निघतात, एक तो खरंच उजवीकडे वळतोय किंवा बाहेर निघतोय, दुसरा म्हणजे तुला म्हणतोय ये पुढे. मी त्या इंडिकेटरवर कधीच ओव्हरटेक करत नाही, स्वतःच्या डोळ्याला समोरचा रस्ता दिसला तरच. डिप्परचं, म्हणजे समोरच्याने हेडलाईट लुकलुकवण्याचं पण तसंच. परदेशात राहून आलेल्या मित्राला वाटलं समोरचा डिप्पर मारतोय म्हणजे आधी जा म्हणतोय, इंग्लंडात तसं असतं म्हणे. आपल्याकडे डिप्पर म्हणजे मी येतोय, तू थांब. तो मित्र थोडक्यात वाचला.

पिवळा दिवा म्हणजे थांबायचं, पळायचं नाही, फक्त इतके जवळ आलेला असाल की सुरक्षित थांबताच येत नाही तर निघून जा. रात्री नुसता पिवळा लुकलुकत असेल तर हळू बघत जा, लाल लुकलुकत असेल तर एकदा पूर्ण थांबून मग. गोल चौकात जो आधीच आत फिरतोय त्याला पहिला हक्क, बाहेरच्याने थांबायचं. सिग्नल नसलेल्या चौकात मोठ्या रस्त्यावरच्याला आधी, दोन्ही सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी. आता तुम्ही म्हणाल हे कोण पाळतं. बरोबर आहे, म्हणूनच हक्क तुमचा असला तरी समोरचा थांबतोय हे दिसल्याशिवाय घुसू नका. रस्त्याच्या मधली पट्टी तुटक असेल तर रस्ता मोकळा बघून ओलांडता येते, सलग असेल तर नाही, दोन पट्ट्या असल्या तर तुमच्या बाजूची कुठली आहे ते बघायचं.

पुढच्या गाडीपासून अंतर किती हे फुटात मोजायच्या भानगडीत पडू नका, सेकंदात मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात एक हजार एक, एक हजार दोन म्हणायचं, ते संपायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर जास्त चिकटलाय. पावसात आणि एक्सप्रेसवेला तीन चार सेकंद ठेवा. 100 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते, तीन सेकंदात 80 मीटरच्या वर, ऐकायला खूप वाटतं पण मोबाईलकडे बघून परत वर बघेपर्यंत तेवढं संपतं. तुम्ही गॅप ठेवली की कोणीतरी त्यात घुसणार, घुसू दे, परत मागे या, पुण्याला पाच मिनिटं उशिरा पोचाल.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला कारला 100 ची मर्यादा, घाटात त्याहून कमी, बोर्ड बघा, कॅमेरे आहेत आणि ई-चलान घरी येतं. समृद्धीवर 120 आहे पण नवीन माणसाने तो आकडा गाठायचा हट्ट करू नये. सरळसोट रस्ता, काही बदलतच नाही, डोळे उघडे आणि डोकं झोपलेलं, म्हणून तासा दीड तासाने जिथे सोय असेल तिथे उतरून तोंड धुवायचं. निघायच्या आधी टायर थंड असताना हवा बघा. टायर फुटलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही, स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी आपोआप हळू होईल तशी डावीकडे. एरवी अचानक काही आडवं आलं आणि गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असेल तर मात्र ब्रेक पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथर होते ती नॉर्मल आहे, घाबरून सोडू नका. आणि मागच्या सीटवरच्यांनी पण बेल्ट. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ चारोटीला सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, ते गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले.

आता घाट. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे, पेट्रोल वाचतं म्हणून, हे माझ्या वडिलांच्या पिढीतलं खूळ अजून जिवंत आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधन जवळपास बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर इंजिनाचा आधार गेला आणि सगळं वजन ब्रेकवर. गाडीच बंद केली तर दोन चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग पण जड. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना माहितीये, नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने चाळीसच्या वर गाड्यांना धडक दिली. तिथून जाताना मी मागच्या आरशात जास्त बघतो.

मग उतरायचं कसं? ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये. पसरणी घाट असेल तर दुसरा, कुठे कुठे तिसरा, इंजिन घूं घूं करेल, करू दे, त्याला काही होत नाही. ब्रेक दाबायचा, स्पीड कमी झाला की सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. जळल्यासारखा वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर रुंद जागा बघून थांबा, वीस मिनिटं गार होऊ द्या, ब्रेकवर पाणी ओतू नका. अरुंद ठिकाणी चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहे, कारण त्याला चढावर परत उचलायला त्रास. वळणाआधी हॉर्न, आणि आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडायची नाही. लालपरी समोरून आली तर वळणाच्या अलीकडेच थांबा, तिला वळायला सगळा रस्ता लागतो आणि तिचा ड्रायव्हर रोज तिथून जातो, तुम्ही पहिल्यांदा.

रात्रीचं एकच सांगतो, सातारा सांगली कोल्हापूरकडे जाणार असाल तर दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, रिफ्लेक्टर नाही किंवा चिखलाने झाकलेला, आणि कधी कधी पंक्चर झाली म्हणून रस्त्यातच उभी, मागे चार दगड लावून. तुमच्या लाईटमध्ये जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच स्पीड ठेवा, बाकी उपाय नाही. समोरून कोणी आलं की अप्परचा डिप्पर करा, म्हणजे लाईटचा झोत खाली घ्या. त्याने नाही केला तर त्याच्या लाईटकडे बघू नका, डाव्या कडेची पांढरी पट्टी बघत जा.

पावसात काचेला आतून वाफ धरते, हाताने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा. पहिल्या पावसात रस्ता सगळ्यात घसरडा असतो, वरचं ऑइल आणि धूळ मिळून साबण होतो.

गाडीतून उतरताना दार डाव्या हाताने उघडा. करून बघा, डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर 10,000 दंड आहे, पण दंड राहू दे, हळू होऊन डावीकडे सरका, गोंधळून मधेच ब्रेक मारू नका. अपघात दिसला तर 112 किंवा 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कायद्यातच आहे, त्यामुळे घाबरून निघून जाऊ नका.

तर गेल्या रविवारी सकाळी सहाला भाच्याला घेऊन वाईहून पाचगणीला गेलो, तो चालवत होता. येताना पसरणीच्या वरच्या वळणावर त्याने स्वतःहून दुसरा टाकला, समोरून एसटी आली तर आधीच थांबला, ड्रायव्हरने हात वर केला तर हा केवढा खुश. खाली वाईत पार्किंग करताना मागचा बंपर खांबाला लागला, पण ते रिव्हर्सचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर परत कधीतरी, बंपरचं बिल आल्यावर.