यात्रेत वायफाय लावायचंय? आधी नेट कुठून येतंय ते बघा

यात्रा कमिटीच्या ग्रुपवर परत सुरू झालंय, "औंदा वायफाय लावूया का", म्हणून काय काय तयारी लागते ते एकदाच लिहून टाकतो, नंतर रात्री अकराला फोन करून विचारू नका.

आधी हे कशासाठी करतोय ते डोक्यात ठेवा. फुकट नेट वाटायला नाही. पालखी निघाली की अख्खं मैदान एकाच टॉवरवर येतं, निम्मे लाइव्ह करतात, निम्मे व्हिडिओ पाठवतात, आणि नारळवाल्याचं पन्नास रुपयांचं पेमेंट गोल गोल फिरत बसतं. त्याच्या साउंडबॉक्सात बहुतेक वेळा सिमच असतं, त्याला टॉवर सोडून जायला जागा नाही. म्हणून रीलवाल्यांना वायफायवर ओढायचं, म्हणजे टॉवर त्या डब्याला आणि साध्या कॉलला मोकळा राहतो.

आता मेन गोष्ट. नेट कुठून येतंय? गेल्या यात्रेला आम्ही हौसेनं सिमवाले फाइव्हजी राउटर आणले, खांबावर चढवले, पोरं धडाधड कनेक्ट झाली, आणि पालखीच्या वेळेला सगळंच बसलं, कारण ते राउटरही त्याच टॉवरकडून नेट घेत होते. वायफायवर गेलेला माणूस मागच्या दारानं परत टॉवरवरच आला. टॉवरची हवेतली क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते, फोन असो नाहीतर राउटर, त्याला काय फरक पडतो? आदल्या रात्री रिकाम्या मैदानात स्पीडटेस्ट झकास येणारच, त्यावर जाऊ नका. नेट वायरनं आलं पाहिजे. फायबर. ग्रामपंचायतीत भारतनेटचं (सरकारी योजनेचं फायबर) चालू असेल तर ते, नाहीतर लोकल केबलवाल्याचं, महिन्याभराचं कनेक्शन घ्या, दोन वेगवेगळी मिळाली तर उत्तम. "पण सिमचा राउटर माझ्याकडे पडूनच आहे" असं कोणीतरी म्हणणार, त्याला म्हणा घरी पडू दे.

फायबर पंचायतीत आणि गर्दी देवळापाशी, त्यामुळं पुढचा घोळ अंतराचा. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंतच, त्यापुढं ओढलीत तर लिंक कधी लागेल कधी तुटेल आणि तुम्ही राउटर बदलत बसाल. ड्रॉप फायबर (बारीक फायबर केबल) टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचं लॅन करून देणारी डबी, किंवा छतावरून छतावर ५ गिगाहर्ट्झची पॉइंट टू पॉइंट लिंक, म्हणजे समोरासमोर तोंड केलेले दोन अँटेना, पण मधे चिंचेचं झाड नको आणि शुभेच्छुकांची लोखंडी कमान नको, ती आदल्या दिवशी उभी राहते हे विसरू नका. वायर रस्ता ओलांडत असेल तर उंची सासनकाठीच्या हिशोबानं धरा, ट्रॅक्टरच्या नाही. काठी नाचवणारा वर बघत नसतो.

ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फोन ज्याला जोडतात ते वायफायचे डबे, किती? बॉक्सवर दोनशे युजर लिहिलेलं असतं, डब्यातल्या एका रेडिओवर ४०-५० नीट चालले तरी नशीब समजा. एकच मोठा, भारी पॉवरचा लावू नका, छोटे जास्त लावा आणि पॉवर कमी ठेवा, फोनचा आवाज तर तेवढाच आहे, तुमचा डबा कितीही ओरडला तरी फोनचं उत्तर त्याला ऐकू यायला हवं ना. डोक्याच्या वर लावा, माणसांची अंगं सिग्नल खातात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६, ११ सोडून काही नको, जमलं तर २.४ निम्म्या डब्यांवर बंदच करा, ५ वर जागा भरपूर आहे. दर्शनबारी, स्टॉलची ओळ, कुस्त्यांचा फड इथं लावा. पार्किंगला नको, तिथं कोण थांबतंय. डबे प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, गुलाल सॉकेटात गेला की झालं.

आयपीचं, म्हणजे राउटर प्रत्येक फोनला देतो त्या पत्त्याचं, हे बघाच. राउटर डिफॉल्टला फार तर २५३ फोनना पत्ते देतो आणि बऱ्याच राउटरमध्ये एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवतो. सकाळी देवाला हात जोडून गेलेला माणूस पत्ता अडवून घरी जेवत बसलेला असतो आणि दुपारी आलेल्याच्या फोनवर नुसतं "आयपी ॲड्रेस मिळवत आहे". रेंज /२२ करा, हजाराच्या वर पत्ते मिळतात, आणि लीज टाइम, म्हणजे पत्ता राखून ठेवायची वेळ, अर्धा तास.

मग स्पीडला लगाम. हे लोकांना पटत नाही पण घाला. वायफाय दिसलं की फोनला वाटतं घरी आलो, फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, सगळं "वायफाय आल्यावर करू" म्हणून अडकलेलं एकदम सुटतं, आणि मालक बिचारा फोन खिशात ठेवून प्रसाद घेत असतो. प्रत्येक फोनला उतरताना २ एमबीपीएस, चढताना अर्धा, बास. पेमेंटला आणि व्हॉट्सॲपला ते पुरतं, रीलही चालते, थोडी धुरकट दिसेल. कमिटीचं स्वतःचं लाइव्ह मात्र थेट वायरवरून.

लॉगिन. सार्वजनिक वायफायला कोण वापरतंय याची नोंद लागते, खुला पासवर्ड भिंतीवर चिकटवून मोकळे होऊ नका. पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफायची योजना २०२० पासून आहे, त्यात आपल्यासारख्या छोट्या लावणाऱ्याला लायसन्स लागत नाही, नोंदी वगैरे ज्या कंपनीशी जोडून घ्याल ती बघते, पण जोडणी यात्रेच्या आठवड्यात होत नाही, आत्ताच लागा. आणि ओटीपी एसएमएसनं येतो, म्हणजे कशावरून? त्याच तुंबलेल्या टॉवरवरून! म्हणून गावातल्यांना आणि स्टॉलवाल्यांना आदल्या दिवशीच लॉगिन करायला लावा आणि सेशन पूर्ण यात्रेचं ठेवा.

लाइट. डेकोरेशनवाल्याच्या जनरेटरवर विसंबू नका, हॅलोजनसाठी तो तुमची पिन काढणारच. डब्यांना यूपीएस, स्विचला यूपीएस, आणि पंचायतीतल्या फायबरच्या मोडेमलाही, तिथली लाइट गेली की इथले सगळे डबे हिरवे दिवे लावून नुसते उभे.

बाकी किरकोळ. वायफाय कॉलिंग चालू करायला माइकवरून सांगा, देवळाच्या दगडी गाभाऱ्यात रेंज नसतेच. नाव एकच ठेवा सगळीकडे. टेप, टाय, शिडी, जादा केबल. केबलवाल्याच्या माणसाचा नंबर दोघांकडे ठेवा, त्या दिवशी तोही पाळण्यात बसलेला असतो. टेस्ट शाळेच्या पोरांना मैदानात गोळा करून, एकट्यानं नाही. आणि टेस्टच्या वेळी एकदा फायबरची पिन (दोन कनेक्शनं असतील तर दोन्हींची) काढून बघा, नेट खरंच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर कोणीतरी गुपचूप सिमचा राउटर जोडलाय, शोधा आणि काढा.