जुनं ट्यूटोरियल, नवं फ्रेमवर्क: एरर आल्यावर या चुका टाळा

व्हिडिओत दिसतं तेच टाइप केलं, स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही, तरी टर्मिनल लालेलाल. नवशिका अशा वेळी स्वतःवरच संशय घेतो आणि तासभर कंस मोजत बसतो. कंस बहुधा ठीकच असतात. ट्यूटोरियल फ्रेमवर्कच्या (ज्यावर ॲप उभं करतात ती तयार चौकट) एका व्हर्जनवर केलेलं असतं आणि तुमच्याकडे दुसरंच उतरलेलं असतं, कारण आकडा सांगितला नाही की पिप (पायथनचं) आणि एनपीएम (जावास्क्रिप्टचं) ही पॅकेज उतरवणारी साधनं साधारणपणे सगळ्यात ताजं व्हर्जन उचलतात. म्हणून कोडला हात लावण्याआधी दोन आकडे शोधायचे: शिकवणाऱ्याचा आणि आपला. आपला आकडा ‘पिप फ्रीझ’ किंवा ‘एनपीएम एलएस’ या कमांडने लगेच कळतो. शिकवणाऱ्याचा कसा काढायचा, ते पुढे येईल.

एरर पूर्ण न वाचता शोध घेणं

पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एररची लांबलचक यादी, वरून वाचायला गेलात तर हरवाल. कामाची ओळ सगळ्यात खाली असते. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क शिकताना हमखास भेटणारी ओळ घ्या: ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल फ्रॉम जँगो डॉट कॉन्फ डॉट यूआरएल्स’. म्हणजे फाइल सापडली, पण त्यात ‘यूआरएल’ नावाचं काही नाही. टायपिंगची चूक नसेल तर ते नाव काढून टाकलं गेलंय, एवढाच याचा अर्थ. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या जँगो ४.० मधून ते खरोखरच काढलं आहे.

आता खरी गंमत. शोधल्यावर उत्तर मिळतं की ‘यूआरएल’ऐवजी ‘पाथ’ वापरा. विद्यार्थी शब्द बदलतो, सर्व्हर सुरू होतो, जीव भांड्यात पडतो. मग ‘अबाउट’चं पान उघडायला जावं तर ४०४, म्हणजे पान सापडतच नाही. कारण जुन्या ओळीत पत्त्याच्या सुरुवातीला टोपीचं चिन्ह (^) आणि शेवटी डॉलर ($) होता. ती रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या लिपीची, खूण होती. ‘पाथ’ला रेग्युलर एक्स्प्रेशन कळत नाही. तो टोपी आणि डॉलर ही साधी अक्षरं समजतो आणि तसाच पत्ता शोधत बसतो. एक तर दोन्ही चिन्हं काढून टाका, नाहीतर ‘री_पाथ’ वापरा. तो जुन्या ‘यूआरएल’सारखाच वागतो. जँगो याची सूचनाही देतो. सर्व्हर सुरू होताना पिवळ्या अक्षरांत २_०.डब्ल्यू००१ क्रमांकाचा इशारा येतो, पण सर्व्हर चालू झाला की तिकडे कोण बघतो!

एरर गप्प करणं म्हणजे दुरुस्ती समजणं

‘फॉरेन की’, म्हणजे एका नोंदीचा दुसरीशी दुवा, लिहिली आणि ‘ऑन_डिलीट’ हे आर्ग्युमेंट राहिलं अशी तक्रार आली, तर ट्यूटोरियल जँगो २.० च्या, म्हणजे डिसेंबर २०१७ च्या आधीचं आहे. पहिल्या उत्तरात ‘कॅस्केड’ (मूळ नोंद पुसली की तिला जोडलेल्याही पुसा) दिसतं, ते चिकटवलं की एरर जातो. जुन्या व्हर्जनमध्ये न सांगताही कॅस्केडच होत असे, त्यामुळे ट्यूटोरियलपुरतं हे बरोबर आहे. पण ते सक्तीचं का केलं याचा विचार करा. लेखकाची नोंद पुसली की त्याचे सगळे लेख पुसले जावेत, असं तुम्हाला खरंच हवंय का? नको असेल तर पुसणंच अडवणारं ‘प्रोटेक्ट’ आहे, किंवा दुवा रिकामा करणारं ‘सेट_नल’ आहे. ‘सेट_नल’ वापरताना त्या फील्डला ‘नल’ची परवानगी द्यावी लागते.

लॉगआउटचंही तसंच. जुन्या धड्यात लॉगआउट म्हणजे साधी लिंक असते. जँगो ५.० मध्ये त्या लिंकवर ४०५ (ही पद्धत चालत नाही) येतो, कारण तयार लॉगआउट व्ह्यू (मागणीला उत्तर देणारा कोड) आता गेट रिक्वेस्ट, म्हणजे लिंक उघडल्यावर जाणारी साधी मागणी, घेतच नाही. पर्याय म्हणून स्वतःचा व्ह्यू लिहून गेट पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो. चालतं ते, पण मग दुसऱ्या एखाद्या साइटवरची साधी लिंकसुद्धा तुमच्या वापरकर्त्याला बाहेर काढू शकते. पोस्टचा छोटा फॉर्म, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच साइटवरून आल्याची खूण) आणि एक बटण, इतकंच काम आहे. तेच करा.

जावास्क्रिप्टच्या बाजूला गप्प करण्याची हत्यारं जास्त धारदार आहेत. ‘ईरिझॉल्व्ह’ (पॅकेजांची व्हर्जन्स जुळत नाहीत, हा एनपीएमचा एरर) दिसलं की ‘--फोर्स’ किंवा ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ लावायचं, ही सवयच झाली आहे. एनपीएम सांगत असतं की अमुक पॅकेजला रिॲक्ट (पडदे रचणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) १७ हवं आहे आणि तुमच्याकडे १८ आहे. तुम्ही म्हणता, असू दे. मग तोच वाद पुढे ब्राउझरमध्ये उगवतो आणि तिथे तो ओळखू येत नाही. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १७ पासून त्यात ओपनएसएसएल ३ ही क्रिप्टो लायब्ररी आली. त्यावर वेबपॅक ४ (फाइली एकत्र बांधणारं साधन) वापरणारे जुने रिॲक्ट प्रोजेक्ट सुरूच होत नाहीत. तिथे ‘ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर’चा मंत्र सांगितला जातो. जुनं हॅशिंग चालू ठेवण्यासाठी नोडची क्रिप्टो व्यवस्था मागे ओढायची, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. प्रोजेक्ट चालवणारं ‘रिॲक्ट-स्क्रिप्ट्स’ पॅकेज ५ वर नेलं तर वेबपॅक ५ मिळतो आणि प्रश्न मुळातून सुटतो.

फक्त फ्रेमवर्कचा आकडा बांधणं

हे थोडं पुढचं, पण इथे शहाणी माणसंही अडकतात. ट्यूटोरियल फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कच्या २.२ चं आहे म्हणून तुम्ही नेमकं २.२ च बसवलं. तरीही ‘वर्कझोइग’ या लायब्ररीमधून ‘यूआरएल_कोट’ इम्पोर्ट होत नाही म्हणून ॲप पडतं. फ्लास्क वर्कझोइगवर उभं आहे आणि २.२ ने त्याला खालची मर्यादा घातली होती, वरची नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वर्कझोइग ३.० आलं, त्यातून ते फंक्शन गेलं होतं, आणि पिपने तेच उचललं. तुमचा कोड बरोबर, ट्यूटोरियल बरोबर, आकडाही बरोबर. खालचा मजला बदलला. वर्कझोइग ३ पेक्षा कमी असावं असं सांगितलं की काम होतं, किंवा सरळ फ्लास्क नवं घ्या. धड्यासोबत ‘रिक्वायरमेंट्स’ किंवा ‘पॅकेज-लॉक’ फाइल (पॅकेजांच्या व्हर्जन्सची यादी) दिलेली असेल तर तीच वापरा. पॅकेज-लॉक असेल तर ‘एनपीएम इन्स्टॉल’पेक्षा ‘एनपीएम सीआय’ बरं, ते लॉकमधल्या आकड्यांपासून हलत नाही.

आणि हे सगळं वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्या धड्यापुरत्या वेगळ्या पायथन खोलीत. एकाच पायथनवर तीन धड्यांची पॅकेजेस ओतलीत तर कोणता एरर कोणाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

ट्यूटोरियलचं वय न ओळखणं

अपलोडची तारीख फसवते. जुना कोर्स नव्या तारखेने पुन्हा चढवलेला असतो. कोडच वय सांगतो. ‘रिॲक्टडॉम डॉट रेंडर’ दिसलं तर धडा रिॲक्ट १७ किंवा त्याआधीचा. १८ मध्ये ते फक्त कुरकुरत होतं, १९ मध्ये गेलंच. ‘स्विच’ आणि ‘यूजहिस्ट्री’ असेल तर रिॲक्ट राउटर ५; सहाव्यात त्यांच्या जागी ‘राउट्स’ आणि ‘यूजनॅव्हिगेट’ आले. ‘न्यू व्ह्यू’ने ॲप सुरू होत असेल तर व्ह्यू २ (हे जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, जँगोचा व्ह्यू नव्हे), ज्याचा आधार २०२३ च्या अखेरीस संपला. अँग्युलरच्या धड्यात ‘ॲप मॉड्यूल’ची फाइल आहे आणि तुमच्या ताज्या प्रोजेक्टमध्ये नाही, तर धडा १७ च्या आधीचा. मोंगूसमध्ये (नोड आणि मोंगोडीबी डेटाबेसचा दुवा) ‘फाइंड’ला कॉलबॅक (काम झाल्यावर चालणारं फंक्शन) दिलाय, तर सातव्याच्या आधीचा, आता ‘अवेट’ लावायचं. पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये राउटवर कंट्रोलरचं नुसतं नाव अवतरणात आहे आणि ‘टार्गेट क्लास डझ नॉट एक्झिस्ट’ येतंय, तर तो ८ च्या आधीचा. कंट्रोलर क्लास वर इम्पोर्ट करून पूर्ण संदर्भ द्या.

वय कळलं की अधिकृत रिलीज नोट्समध्ये जा. जँगोच्या नोट्समध्ये ‘काढून टाकलेल्या गोष्टी’ असा वेगळा भागच असतो आणि बहुतेक ठिकाणी बदली नावही दिलेलं असतं. तिथे एररमधलं नाव शोधायचं. मुळात डॉक्युमेंटेशन उघडताना कोपऱ्यातला व्हर्जनचा आकडा बघायची सवय लावा. सर्च इंजिन बिनदिक्कत जुन्या व्हर्जनचं पान वर आणतं. एआय सहायकही तसेच. आकडा न सांगता विचारलं तर ते नव्या-जुन्याची मिसळ करून देतात. प्रश्नातच व्हर्जन लिहा.

एक युक्ती फार कमी जण वापरतात. थेट ताज्या व्हर्जनवर उडी न मारता मधल्या व्हर्जनवर कोड चालवायचा आणि पायथनला ‘-डब्ल्यूए’ देऊन सगळे इशारे दाखवायला सांगायचं. जँगो ३.२ वर तोच ‘यूआरएल’ चालतो, पण ‘४.० मध्ये काढणार, री_पाथ वापरा’ असं सांगूनच. एररमध्ये जे मोडतं, तेच इशाऱ्यात समजावलेलं मिळतं.

मोडक्या धड्याला चिकटून राहणं

एखाद्या मोठ्या व्हर्जनचा फरक असेल तर धड्याचंच व्हर्जन बसवून तो पूर्ण करा आणि मग आपला प्रोजेक्ट वर न्या. त्या चढणीत धड्याइतकंच शिकायला मिळतं. पण जँगो १.११ सारखं काही असेल, जे अधिकृतपणे पायथन ३.७ पर्यंतच चालतं, तर आधी जुना पायथन शोधा, मग त्याच्यासाठी जुनी पॅकेजेस, असा खेळ सुरू होतो. तो नवशिक्याने खेळू नये. कंस नसलेला ‘प्रिंट’ दिसला तर धडा पायथन २ चा आहे. ते १ जानेवारी २०२० ला बंद झालं. अशा वेळी टॅब बंद करायचा आणि फ्रेमवर्कच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधला पहिला धडा उघडायचा.