माथेरानला घोड्यावरून फिरायचंय? मग निदान या चुका तरी टाळा

शनिवारी सकाळी दस्तुरी नाक्यावर, म्हणजे माथेरानच्या गाड्या जिथे थांबतात तिथे, उभं राहून बघा, तेच चाललेलं असतं. टॅक्सीतून उतरायचं, "किती घेणार?" विचारायचं, थोडी घासाघीस करायची आणि लगेच घोड्यावर. घोडा लंगडतोय का, खोगीर सरळ आहे का, कोणी बघत नाही. बघतात फक्त भाव.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात वाईट चूक म्हणजे पायात काहीही घालून येणं. मी आधी मेसेज करून सांगतो, तरी प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण तरी चप्पल नाहीतर रबरी सँडल घालून येतोच. मित्राचा भाचा असाच आला होता, कॉलेजातला पोरगा, ऐकायची तयारी नाही. शार्लोट लेककडून एको पॉइंटला निघालो होतो आणि या पठ्ठ्याने वेफर्सची प्लास्टिकची पिशवी खोगिराला लटकवलेली. माथेरानची माकडं काय सोडतात होय! एकाने झाडावरून येऊन पिशवीवर झडप घातली, पिशवी फाटली, तो आवाज आणि ते माकड एकदम बाजूला आल्यावर घोडा बिचकला आणि दुडकत सुटला. घोडा बिचकणारच, त्यात त्याचा काही दोष नाही, पण पोराचा पाय तोवर रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार घोट्यापर्यंत आत गेला होता. तो तसा पडला असता तर घोड्याने त्याला त्या लाल मातीतल्या दगडांवरून फरफटत नेलं असतं. घोडेवाले मामा धावत पुढे गेले, लगाम धरली, घोड्याच्या मानेवर हात ठेवून त्याला शांत केलं आणि मग सावकाश रिकीब फिरवून पाय बाहेर काढला. घोट्याची सालटी निघाली, तेवढ्यावर निभावलं.

म्हणून बूट घाला, कडक तळव्याचे, थोडी टाच असलेले. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा आणि टाच खाली दाबायची. रिकिबीची लांबी आधीच बघून घ्यायची, बोटांची टोकं खोगिराला टेकवून हात लांब केला की रिकीब साधारण काखेपर्यंत यायला हवी, मग बसल्यावर थोडं कमी-जास्त करता येतं. मी आता नेरळ स्टेशनवरच सगळ्यांचे पाय बघतो. चप्पल असेल तर नेरळ बाजारातून बूट घ्या नाहीतर माथेरानभर चालत फिरा. लोक रागावतात, रागावू देत.

दुसरी चूक तंगाची. घोड्याच्या पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा म्हणजे तंग. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, थोडं चाललं की श्वास सोडतात आणि पट्टा ढिला पडतो. मग उतारावर खोगीर एका बाजूला सरकतं आणि माणूस खोगिरासकट कलंडतो. थोडं चालवून झालं की परत आवळायला सांगा, लाजू नका. मी स्वतः पट्ट्याखाली बोटं घालून बघतो, दोन बोटं जेमतेम शिरली की बरोबर. तिथेच जखम किंवा केस गेलेले दिसले तर तो घोडा घेऊच नका. माथेरानमध्ये गाड्यांना बंदी, त्यामुळे बरंच सामानही घोड्यांवरून जातं, तेव्हा हा घोडा सकाळपासून काय काय करून आलाय तेही विचारा.

'सगळे पॉइंट दाखवतो' या पॅकेजच्या नादी लागू नका. उत्तरेचा पॅनोरामा आणि दक्षिणेचा वन ट्री हिल ही माथेरानची दोन टोकं, दोन्ही एका दिवसात कोंबली की घोडा दमतो, तुमच्या मांड्या सोलवटतात आणि बघून काही होत नाही. एक बाजू धरा. शार्लोट लेक, पिसरनाथाचं देऊळ, लॉर्ड्स, एको, लुईझा एवढं पश्चिमेचं निवांत केलं तरी दिवस मस्त जातो. कड्याच्या बरंच अलीकडे उतरायचं आणि पॉइंटपर्यंत चालत जायचं, घोड्यावर बसून दरीत डोकावण्यात काहीही शौर्य नाही.

आणि पहिल्यांदाच बसणाऱ्यांना घोडा चौखूर उधळायची एवढी घाई का असते मला खरंच कळत नाही. मांड पक्की बसायला वेळ लागतो, रील बघून ती येत नाही. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर तर पळवूच नका, नाल घसरते.

बाकीचं पटापट. लगाम हाताला गुंडाळायची नाही. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही. चढावर थोडं पुढे झुका, उतारावर मागे. लहान मुलाला मांडीवर घेऊन बसू नका, त्याला वेगळा शांत घोडा घ्या आणि घोडेवाल्याला तो धरून चालायला सांगा. हेल्मेट मागा, नीट बसणारं मिळालं नाही तर बसू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंत असावं असं धरतात, म्हणजे 300 किलोच्या तट्टूवर 60 किलो, तेव्हा अंगाने भारी असाल तर मोठाच घोडा घ्या किंवा चाला. भर पावसात घोड्याचा बेत करू नका, वाट निसरडी आणि धुक्यात समोरचं दिसत नाही.

भाव ठरवताना किती तास आणि कुठले पॉइंट दोन्ही आधी बोलून घ्या, दरफलक बघा, घोडेवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. आणि मधे जेवायला थांबाल तेव्हा तंग सैल करायला सांगा, निघताना परत आवळून घ्या.